मंदीच्या दिवसांत घरखर्च, कर्ज आणि मन : बेळगाव सीमाभागातील कुटुंबांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातील मराठी कुटुंबांकडून मंदीच्या काळात जे प्रश्न वारंवार येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. कारखान्यातील कामगार, विणकर, छोटे वर्कशॉपवाले आणि ऊस उत्पादक यांचे प्रश्न वेगवेगळे असले, तरी एक गोष्ट सर्वत्र दिसते. उत्पन्न घटल्याने जेवढे नुकसान होते, त्याहून अधिक नुकसान ते घटल्याचे लपवण्यासाठी घेतलेल्या कर्जाने होते. पुढील बहुतेक उत्तरे या ना त्या मार्गाने याच मुद्द्यावर येतात.

मंदी आली आहे हे आमच्यासारख्यांना कसे कळणार?

देशाचे एकूण उत्पादन लागोपाठ दोन तिमाहींत घटले की तांत्रिकदृष्ट्या मंदी आली असे मानले जाते. २०२० मध्ये एप्रिल ते जून या तिमाहीत भारताचे उत्पादन पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी घटले आणि पुढच्या तिमाहीतही घट कायम राहिली. परंतु हे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत काही महिने उलटलेले असतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मंदी त्याआधीच येऊन बसते. वाहनांची विक्री मंदावली की मोठी कंपनी आपले शेड्यूल कमी करते, फाउंड्रीतील कास्टिंगची मागणी घटते आणि त्या कास्टिंगवर मशीनिंग करणाऱ्या चार लेथच्या वर्कशॉपला सर्वांत शेवटी, पण सर्वांत मोठा फटका बसतो. आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग तिसरी पाळी, मग आठवड्यातून दोन दिवस सुट्टी. शहापूर, वडगाव, खासबाग येथील विणकरांना हीच गोष्ट लग्नसराईत व्यापाऱ्याने उचललेल्या साड्यांच्या संख्येवरून कळते. ओव्हरटाइम बंद झाल्याचा महिना हाच आपल्या घरातील मंदीचा पहिला महिना समजावा.

पगार घटला आहे. पहिल्या आठवड्यात नेमके काय करावे?

वही घ्यावी आणि नवरा-बायकोने एकत्र बसून लिहावे. हा सल्ला फार साधा वाटतो, म्हणूनच तो टाळला जातो. एक उदाहरण पाहू. समजा, एका लेथ ऑपरेटरला ओव्हरटाइम धरून २४,००० रुपये मिळत होते आणि आता १७,००० मिळतात. घरातील खर्च असा आहे : किराणा ६,५००, घरभाडे ४,०००, दूध, गॅस व वीज मिळून २,६००, मुलांची फी व शाळेची रिक्षा २,४००, औषधे ९००, मोटारसायकलचा हप्ता २,९००, मोबाइलचा हप्ता २,४०० आणि पिग्मी (रोजची छोटी बचत ठेव) रोज ५० प्रमाणे १,५००. एकूण २३,२००. म्हणजे दरमहा ६,२०० रुपयांचा खड्डा.

हा आकडा पाहून माणूस हादरतो आणि थेट सावकाराचे दार गाठतो. थोडे थांबून ओळीओळीने पाहिले, तर रिक्षाऐवजी बस धरल्यास १,००० वाचतात आणि पिग्मी रोज २० रुपयांवर आणल्यास ९०० वाचतात. कुटुंब आयकर किंवा जीएसटी भरणाऱ्यांपैकी नसेल आणि घरातील कर्त्या स्त्रीच्या नावे कर्नाटक शासनाच्या गृहलक्ष्मी योजनेची नोंदणी राहून गेली असेल, तर ती केल्यावर महिन्याला २,००० येतात. (ही रक्कम कधी कधी उशिरा जमा होते, हे लक्षात ठेवावे.) आता खड्डा २,३०० चा राहिला. मोबाइलचे तीनच हप्ते शिल्लक असतील, तर त्यानंतर २,४०० मोकळे होतात आणि खड्डा बुजतो. म्हणजे या घराला खरी गरज आहे ती तीन महिन्यांत मिळून सुमारे ६,९०० रुपयांची, आणि एवढ्यासाठी कोणाकडून पन्नास हजार उचलण्याचे कारण नाही.

प्रत्येक घराचा हिशेब इतका सोपा सुटणार नाही हे मान्य आहे. पण लिहून काढल्याशिवाय खड्डा किती खोल आहे आणि तो किती महिने राहणार आहे, हे दोन्ही कळत नाही. औषधे, मुलांची फी आणि जेवणातील डाळ-दूध यांना मात्र शेवटपर्यंत हात लावू नये.

पिग्मी बंद करावी का?

बंद करू नये, रक्कम कमी करावी. १९२८ मध्ये उडुपी येथे सिंडिकेट बँकेने सुरू केलेली ही दैनिक बचतीची पद्धत आपल्याकडे एवढी रुजली, की कोणत्याही संस्थेच्या दैनिक ठेवीला आपण पिग्मीच म्हणतो. तिच्यावरचे व्याज फारसे नसते आणि मुदतीपूर्वी मोडल्यास अनेक ठिकाणी काही रक्कम कापली जाते. तरीही रोज दुकानात येणाऱ्या एजंटाच्या हाती २० रुपये ठेवण्याची सवय मोडली, तर ती पुन्हा लावणे फार कठीण जाते.

अडचणीसाठी राखलेले पैसे कुठे ठेवावेत? पतसंस्था जास्त व्याज देते.

बँक, मग ती व्यापारी असो वा नागरी सहकारी, बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून प्रत्येक ठेवीदाराला त्या बँकेतील मुद्दल व व्याज मिळून पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा एक लाख होती. एकाच बँकेच्या दोन शाखांत एकाच नावाने ठेवलेल्या ठेवी यासाठी एकत्र मोजल्या जातात, ही बाब अनेकांच्या लक्षात येत नाही.

पतसंस्था, सौहार्द सहकारी संस्था आणि मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटी यांना हा विमा लागू नाही. संस्थेच्या पाटीवर काहीही लिहिलेले असो आणि तिचे अध्यक्ष आपल्याच गल्लीतील असोत, तरी यात फरक पडत नाही. सीमाभागात चांगल्या चाललेल्या पतसंस्था पुष्कळ आहेत आणि त्यांनी छोट्या माणसाला बँकेपेक्षा अधिक आधार दिला आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु आमच्या घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीने निवृत्तीची सगळी रक्कम दीड टक्का जास्त व्याजासाठी एकाच संस्थेत ठेवली, आणि आईच्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्या संस्थेने ‘महिन्याला पाच हजार देऊ’ असे सांगितले. तेव्हापासून माझे मत पक्के आहे. किमान तीन महिन्यांचा घरखर्च विमा असलेल्या बँकेत, बचत खात्यात किंवा लगेच मोडता येईल अशा ठेवीत असावा. मंदीत व्याजदरापेक्षा पैसे दोन दिवसांत हाती येतात की नाही, हे महत्त्वाचे ठरते.

कर्जाचा हप्ता भरणे शक्य नाही. बँकेला सांगावे की गप्प राहावे?

हप्ता चुकण्यापूर्वी सांगावे, आणि लेखी सांगावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेची पोच घ्यावी. हप्ता चुकल्यानंतर गेलेला माणूस थकबाकीदार म्हणून जातो आणि आधी गेलेला ग्राहक म्हणून जातो. समोरच्या अधिकाऱ्याच्या हातात उपाय करण्याची मोकळीकही आधीच अधिक असते.

सर्वसाधारणपणे मुदत वाढवून हप्ता कमी करून मिळतो. त्याची किंमत मात्र समजून घ्यावी. तीन लाखांचे कर्ज १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी असेल, तर हप्ता सुमारे १०,२५० येतो. पाच वर्षे केल्यास तो सुमारे ६,९८० वर येतो, पण एकूण व्याज सुमारे ५०,००० रुपयांनी वाढते. नोकरी टिकवण्याची आणि घर चालवण्याची ती किंमत असेल तर द्यावी, आणि चांगले दिवस आल्यावर मुद्दलात जादा रक्कम भरावी. व्यक्तींनी घरासाठी घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड आकारता येत नाही.

२०२० मध्ये मार्च ते ऑगस्ट अशी सहा महिने हप्ते पुढे ढकलण्याची सवलत मिळाली, तेव्हा अनेकांनी ती माफी समजून घेतली. त्या सहा महिन्यांचे व्याज चढतच होते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये व्याजावरील व्याज आकारण्यास मनाई केली, मूळ व्याज मात्र कर्जदारालाच द्यावे लागले. सवलत कोणतीही असो, ‘या काळातील व्याजाचे काय?’ हा प्रश्न विचारूनच सही करावी.

कागद कन्नड किंवा इंग्रजीत असतात. न वाचताच सही करावी लागते.

करावी लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून वैयक्तिक आणि छोट्या उद्योगांच्या नव्या कर्जांसाठी, व्याज, शुल्क आणि दंड यांची माहिती असलेले पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत देणे बँकांना आणि वित्त कंपन्यांना बंधनकारक आहे. मराठी पत्रक मागणे हा भाषेच्या वादाचा विषय नसून ग्राहकाच्या हक्काचा विषय आहे. शांतपणे मागितल्यास बहुतेक वेळा ते मिळते, निदान समोर बसून मराठीत समजावून तरी सांगितले जाते. त्या पत्रकातील वार्षिक टक्केवारीचा आकडा पाहावा, कारण ‘शेकडा तीन’ असे ऐकताना कमी वाटणारे व्याज महिन्याचे असते. ५०,००० रुपयांवर ते महिन्याला १,५०० आणि वर्षाला १८,००० होते, आणि वर्षभर भरूनही मुद्दल पन्नास हजारच राहते.

सोने तारण ठेवावे का?

सावकार, मोबाइल ॲप किंवा क्रेडिट कार्ड यांच्यापेक्षा बँकेतील सोनेतारण कर्ज केव्हाही बरे. अडचण वेगळीच असते. डबीतील मंगळसूत्र, पाटल्या किंवा बोरमाळ यांच्याशी घरातील स्त्रीचा जीव गुंतलेला असतो, आणि तिला न विचारता काढलेले दागिने नंतर सोडवले तरी ती गोष्ट विसरली जात नाही. निर्णय दोघांनी घ्यावा. व्याज दरमहा भरत जावे. वर्षअखेरीस एकदम भरू असे म्हणणाऱ्यांचेच दागिने लिलावाच्या नोटिशीपर्यंत जातात. लागेल तेवढेच कर्ज घ्यावे, दागिन्याच्या किमतीवर मिळू शकते तेवढे नाही.

संघाचे कर्ज थकले आहे आणि वसुलीवाले दारात येऊन बसतात.

महिलांच्या गटातून मिळणाऱ्या मायक्रोफायनान्स कर्जात एका घरात तीन-तीन संस्थांचे हप्ते असणे ही आपल्याकडील खेड्यांतून नेहमीची गोष्ट झाली आहे. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या अशा कर्जांबाबत रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम स्पष्ट आहेत. कुटुंबाचे सर्व हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक असता कामा नयेत, तारण घेता येत नाही, आणि वसुलीसाठी सकाळी नऊपूर्वी व सायंकाळी सहानंतर फोन करता येत नाही. धमकी, शिवीगाळ, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना त्रास देणे हे सर्व निषिद्ध आहे.

कर्नाटक शासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला आणि नंतर त्याचा कायदा झाला. त्यात दहा वर्षांपर्यंत कारावास आणि पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्यामुळे त्रास झाल्यास पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी, तारीख, वेळ आणि शक्य असल्यास फोनवरील नोंद जवळ ठेवावी. मात्र या कायद्याने नोंदणीकृत संस्थेचे कर्ज माफ झाले, असे गावोगाव सांगितले जाते ते खरे नाही. एका संघाचा हप्ता भरण्यासाठी दुसऱ्या संघातून उचल करणे मात्र आजच थांबवावे.

मित्र जामीन राहायला सांगतो. नाही कसे म्हणू?

भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्था कर्जदाराला सोडून प्रथम जामीनदाराच्या पगारावर येऊ शकते, आणि पगारदार जामीनदार हाती लागणे सोपे असल्याने प्रत्यक्षात तसे घडतेही. ‘घरात ठरले आहे, मंदी संपेपर्यंत कोणालाच जामीन राहायचे नाही’ एवढे वाक्य पुरते. शक्य असेल तर मित्राला परत न आल्यास चालेल एवढी लहान रक्कम हातउसनी द्यावी.

यंदा गावात लक्ष्मीची यात्रा आहे. खर्च कसा टाळणार?

बेळगाव परिसरातील घरांसाठी हा सर्वांत अवघड प्रश्न आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. ग्रामदेवतेची यात्रा अनेक गावांत काही वर्षांच्या अंतराने भरते. त्यासाठी घराला रंग लागतो, मंडप पडतो, लेकी-जावई, पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे आणि कारखान्यातील मित्र असे शेकडो लोक जेवून जातात. जेवणाच्या पंगती मोजूनच घराची पत ठरते अशी समजूत असल्याने, पगार निम्मा झालेला माणूसही लाख-दोन लाखांचे कर्ज काढून यात्रा करतो आणि पुढची दोन-तीन वर्षे ते फेडत बसतो.

देवीची ओटी, नैवेद्य आणि गावची वर्गणी यांना फार पैसे लागत नाहीत. खर्च होतो तो जेवणावळीवर. मागच्या यात्रेला आम्ही चुलत्यांच्या तीन घरांनी मिळून एकच मंडप घातला, एकच आचारी ठेवला आणि पाहुण्यांची यादी एकत्र केली. तेव्हा कळले की निम्मे पाहुणे तिन्ही घरांचे सामाईकच होते. खर्च एक तृतीयांश झाला नाही, पण निम्म्यावर नक्की आला. सुरुवातीला थोरल्या काकूंना हे पटले नव्हते, ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न होताच. लोक मटणाला मीठ कमी आहे एवढेच म्हणाले.

नोकरीच गेली, तर कोणते पैसे हक्काचे आहेत?

थकलेला पगार, शिल्लक रजेचा मोबदला आणि कामगार कपातीत काढले असेल तर कायद्याप्रमाणे भरपाई. सलग पाच वर्षे सेवा झालेली असल्यास ग्रॅच्युइटी मिळते. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १५,००० असेल आणि बारा वर्षे सेवा झाली असेल, तर १५,००० ला १५ ने गुणून २६ ने भागावे आणि आलेल्या रकमेला १२ ने गुणावे. सुमारे १,०३,८०० रुपये होतात. राजीनामा लिहून देण्यापूर्वी हा हिशेब स्वतः करून पाहावा, कारण एकरकमी ‘सेटलमेंट’ म्हणून पुढे केलेला आकडा पुष्कळदा त्याहून कमी असतो.

भविष्य निर्वाह निधीतील सर्व रक्कम घाईने काढू नये. पाच वर्षांच्या आत काढल्यास त्यावर कर लागू शकतो, आणि दहा वर्षांची सेवा भरल्यावर मिळणारा निवृत्तिवेतनाचा हक्कही हातचा जाऊ शकतो. नवी नोकरी लागल्यावर खाते तेथे वर्ग करून घ्यावे. कामगार राज्य विम्याचा पगारातून हप्ता जात असेल, तर अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेखाली बेरोजगारीच्या काळात काही महिने सरासरी वेतनाच्या निम्म्यापर्यंत साहाय्य मिळू शकते. या योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून शाखा कार्यालयात चौकशी करावी. घरात पदवीधर किंवा डिप्लोमाधारक बेरोजगार मुलगा-मुलगी असल्यास कर्नाटक शासनाच्या युवानिधी योजनेच्या अटी ‘ग्राम वन’ या सरकारी सेवा केंद्रात विचाराव्यात.

माझे छोटे वर्कशॉप आहे. काम केले, पण कंपनी चार महिने बिल देत नाही.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर ती आधी करावी. ती विनामूल्य आहे. सूक्ष्म व लघु उद्योगाचे बिल लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत देण्याची सक्ती २००६ च्या कायद्यात आहे. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. या मुदतीत न दिलेली आणि मार्चअखेरीसही थकलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, आणि या तरतुदीमुळे मार्च जवळ आला की जुनी बिले निघू लागतात. सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. तक्रार केली तर पुढचे काम मिळणार नाही ही भीती खरी आहे. म्हणून आधी बिलावरच उद्यम क्रमांक आणि ‘४५ दिवसांत देय’ ही ओळ छापून पाहावी. एकाच कंपनीवर सगळे काम अवलंबून असणे हे मात्र मूळ दुखणे आहे.

उसाचे बिल अडकले आहे.

ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस गाळपास दिल्यापासून १४ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे आणि उशिरास १५ टक्के व्याज आहे. वजनाच्या पावत्या जपाव्यात. कृषी पत्तीन सोसायटीचे (गावच्या प्राथमिक कृषी सहकारी सोसायटीचे) बिनव्याजी पीककर्ज ठरलेल्या तारखेला फेडले तरच बिनव्याजी राहते, त्यामुळे अडकलेल्या बिलाच्या भरवशावर ती तारीख चुकवू नये.

विम्याचे हप्ते थांबवून पैसे वाचवावेत का?

गुंतवणुकीच्या पॉलिसीबाबत विचार करता येईल. मुदतीचा जीवन विमा आणि आरोग्य विमा थांबवू नये. वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवनज्योती विमा (वय १८ ते ५०) आणि २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा (वय १८ ते ७०) बँक खात्यातूनच मिळतो. मेअखेरीस खात्यात तेवढी शिल्लक असावी. बीपीएल कुटुंबाला आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेतून वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. सीमाभागातील ८६५ गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये घेतला आहे. कोल्हापूरला उपचारासाठी जाण्यापूर्वी कोणते दाखले लागतील हे रुग्णालयात आधीच विचारून घ्यावे, नाहीतर ऐन वेळी धावाधाव होते.

म्युच्युअल फंडाची एसआयपी तोट्यात दिसते. बंद करू?

तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल आणि पैसे पाच-सात वर्षे लागणार नसतील, तर चालू ठेवावी. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात जवळपास ३,९०० अंकांनी कोसळून २६,००० च्या खाली गेला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याने ५०,००० ला स्पर्श केला. मात्र २००८ च्या पडझडीनंतर जुनी पातळी पुन्हा गाठायला बराच अधिक काळ लागला होता. घरभाड्यासाठी लागणारा पैसा या बाजारात नसावा.

रात्री झोप लागत नाही. घरच्यांना सांगितले तर त्यांना ताण येईल.

घरच्यांना आधीच कळलेले असते. डबा घेऊन नेहमीच्या वेळी बाहेर पडायचे आणि दिवसभर किल्ल्याच्या तलावाकाठी बसून संध्याकाळी परतायचे, असे करणारे लोक प्रत्येक मंदीत असतात. आणि त्यांच्या बायकांना ते पहिल्याच आठवड्यात समजते, डबा कसा परत येतो त्यावरून. सांगितल्यावर भांडण होते, क्वचित रडारडही होते, पण त्यानंतर दोन माणसे विचार करू लागतात. मुलांनाही वयानुसार सांगावे. दहावीतील मुलीला ‘यंदा नवा मोबाइल नाही, फी मात्र भरलेली आहे’ हे दोन्ही एकत्र सांगितले, तर ती समजून घेते.

आशावादी राहा असे सांगून कोणी आशावादी होत नाही. दिवसाला आकार असेल, तर मन थोडे सावरते. नेहमीच्या वेळी उठावे, आंघोळ करून बाहेर पडावे, रोज एखाद्या तरी वर्कशॉपमध्ये स्वतः जाऊन काम विचारावे. हाताला काम नसताना सीएनसी किंवा वेल्डिंगचे नवे कौशल्य शिकलेले कामगार पुढच्या भरतीत आधी घेतले जातात, हे उद्यमबागेत कोणीही सांगेल. भजनी मंडळ, तालीम किंवा गल्लीचे युवक मंडळ यांत जाणे खर्चाचे नाही, म्हणून ते सोडू नये. नोकऱ्यांची बातमी जाहिरातीपेक्षा तेथे लवकर कळते.

झोप, भूक आणि बोलणे हे तिन्ही दोन आठवड्यांहून अधिक बिघडले असेल, किंवा जगणे नको असे विचार येत असतील, तर टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. सेवा विनामूल्य आणि चोवीस तास आहे, आणि मराठीतही बोलता येते.

घरबसल्या काम, पाच मिनिटांत कर्ज, असे संदेश येतात.

आधी पैसे मागणारे काम आणि फोनमधील संपर्क व फोटो यांची परवानगी मागणारे कर्जाचे ॲप, दोन्ही टाळावेत. फसवणूक झाल्यास त्याच तासात १९३० वर कळवावे. उशीर झाला की रक्कम अडवणे अवघड होते.

ओव्हरटाइम पुन्हा सुरू झाला. आता पहिले पैसे कुठे द्यावेत?

हातउसने घेतलेले आधी परत करावेत, मग सोने सोडवावे, मग पिग्मी पूर्ववत करावी. मोटारसायकल बदलण्याचा विचार त्यानंतर. मंदीतील वही जपून ठेवावी. आमच्याकडे २०२० ची वही अजून किराणा सामानाच्या कपाटात आहे. तिच्यातील एप्रिलच्या पानावर बायकोच्या अक्षरात ‘शेंगदाणे – नकोत’ अशी एक ओळ आहे आणि तिच्याखाली, दुसऱ्या शाईत, ‘पाव किलो’.